नैराश्यावर सौम्य विद्युतप्रवाह: पुण्यातल्या ओपीडीत टीडीसीएसची चाचणी नीट कशी घ्यावी

टीडीसीएसमध्ये (ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, म्हणजे कवटीवरून मेंदूला सौम्य वीज देणं) डोक्यावर दोन ओले स्पंज बांधतात आणि त्यांतून वीस ते तीस मिनिटं साधारण २ मिलिअँपिअरचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडतात. यंत्र हातात मावेल एवढं, बॅटरीवर चालणारं. भूल लागत नाही, झटका येत नाही, सत्र संपलं की माणूस उठून पीएमपीच्या बसने घरी जातो.

नैराश्यावर याचा उपयोग किती, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. ब्राझीलमध्ये २४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१७ साली आले. त्यात हॅमिल्टन मापनावर (नैराश्य किती तीव्र ते गुणांत सांगणारी प्रश्नावली; गुण उतरले म्हणजे सुधारणा) टीडीसीएसच्या गटाचे सरासरी ९ गुण उतरले, एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या गोळीच्या गटाचे ११.३ आणि दोन्ही उपचार खोटे असलेल्या गटाचे ५.८. म्हणजे खोट्या उपचारापेक्षा टीडीसीएस सरस ठरलं, पण ते गोळीच्या तोडीचं आहे हे सिद्ध झालं नाही. २०२३ साली जर्मनीतल्या चाचणीचे निकाल आले. तिथे सगळे रुग्ण एसएसआरआय (नैराश्यावरच्या नेहमीच्या) गोळ्या घेत होते. सहा आठवड्यांनी माँटगोमेरी-आसबर्ग या तशाच दुसऱ्या मापनावर खऱ्या प्रवाहाच्या गटाचे ८.२ गुण कमी झाले आणि खोट्या प्रवाहाच्या गटाचे ८.०. पुढच्याच वर्षी ब्रिटन-अमेरिकेतल्या चाचणीचे निकाल आले. तिथे १७४ जणांनी घरी बसून यंत्र वापरलं, आणि दहा आठवड्यांनी खरा प्रवाह पुढे राहिला.

यातला ८.० हा आकडा चाचणी आखणाऱ्याने सतत डोळ्यांसमोर ठेवावा. प्रवाह मिळालाच नाही तरी इतका फरक पडला. आठवडेच्या आठवडे ठरल्या वेळी कुठेतरी जायचं, तिथे कुणीतरी नाव घेऊन विचारपूस करतं, डोक्याला हात लावून काळजीने काहीतरी बांधतं, याने माणूस सावरतो. त्यामुळे चाचणीत दोन गोष्टी सांभाळायच्या: खऱ्या गटात प्रवाह खरोखर आत पोचला पाहिजे, आणि आशा दोन्ही गटांत सारखी राहिली पाहिजे. खाली जे लिहिलं आहे ते या दोन गोष्टींसाठीच.

एक गोष्ट आधीच सांगतो. नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन स्पंज घेऊन घरी स्वतःवर प्रयोग करू नका. तशा जोडणीत प्रवाहावर नियंत्रण नसतं, त्वचा भाजू शकते, आणि मन खचलेलं असताना लक्ष ठेवायला जवळ कोणी नसतं. हे मार्गदर्शन मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मंजुरी घेऊन चालणाऱ्या चाचणीसाठी आहे.

कागद आणि आकडे

संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधी. समितीची नोंदणी चालू आहे का, तेही बघून घ्या. मुदत संपलेली असली की सगळं अडतं. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं जवळ ठेवा. यंत्र भारतात परवाना नसलेलं, नवं असेल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे केंद्रीय औषध नियंत्रकाकडे एमडी-२२ नमुन्यात अर्ज करावा लागतो आणि परवानगी एमडी-२३ मध्ये मिळते. सीटीआरआयवर (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवी. मुख्य निष्कर्ष कोणत्या मापनावर आणि कितव्या आठवड्याला मोजणार हे तिथे लिहून मोकळे व्हा. नंतर जो आकडा चांगला आला तोच मुख्य होता असं म्हणायची सोयच ठेवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम ९९ संशोधनातल्या संमतीबद्दल आहे. स्वतः संमती देता येत नाही अशा व्यक्तीला या चाचणीत घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

आता संख्या. समजा दोन गटांत माँटगोमेरी-आसबर्गचे ४ गुण फरक शोधायचा आहे आणि प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतला गुणांचा पसारा) ९ आहे. नसलेला फरक दिसण्याची शंभरातल्या पाच वेळांची चूक आणि असलेला फरक सापडण्याची ८० टक्के ताकद धरली, तर त्यातून येणारा ठरीव आकडा ७.८४. मग एका गटाला २ गुणिले ७.८४ गुणिले ८१ भागिले १६, म्हणजे ८० माणसं लागतात. पाचातला एक मध्येच सोडून जाईल असं धरलं की एका गटाला १००, दोन्ही मिळून २००. हेच उलटं करून बघा: एमडीच्या प्रबंधासाठी ३० रुग्ण घेतले, पंधरा-पंधरा वाटले, तर ९ गुणांपेक्षा कमी फरक त्या चाचणीच्या हाती लागणं कठीण. एवढा मोठा फरक वर सांगितलेल्या एकाही चाचणीत दिसलेला नाही. म्हणून तीस रुग्णांच्या अभ्यासाने 'उपचार लागू पडतो' किंवा 'पडत नाही' असं सांगू नये. त्याने वेगळे प्रश्न घ्यावेत: किती जण रोज येऊ शकले, रोध (स्पंज आणि त्वचेतून जाताना प्रवाहाला होणारा अडथळा) किती राहिला, खोटा गट ओळखता आला का. तीस जणांत या प्रश्नांची चांगली उत्तरं मिळतात आणि पुढच्या मोठ्या चाचणीला ती लागतातच. शहरातली तीन-चार मनोविकार खाती एकत्र आली तर दोनशे रुग्ण अशक्य नाहीत, फक्त सगळीकडे हात एकसारखा चालला पाहिजे.

कोणाला घ्यायचं

१८ ते ६५ वयाचे, एकध्रुवी (म्हणजे उन्मादाचे झटके न येणाऱ्या) नैराश्याचं निदान झालेले, हॅमिल्टनच्या १७ कलमी मापनावर १७ किंवा जास्त गुण असलेले. गोळ्या चालू असतील तर निदान चार ते सहा आठवडे मात्रा बदललेली नसावी. कवटीत धातू, कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, फिट्स, द्विध्रुवी आजार, गर्भारपण, स्पंजाच्या जागी त्वचारोग, आणि आत्ता या घडीला आत्महत्येचा गंभीर धोका असेल तर नाही. निदान पक्कं करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ करून घ्या. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणं नवीन नाही, आणि थकवा त्याचा असताना यश किंवा अपयश प्रवाहाच्या नावावर जाईल.

औषधांची यादी विचारताना मात्र घाई नको. कार्बामाझेपिन या फिट्सवरच्या औषधाने धन इलेक्ट्रोडचा उत्तेजक परिणाम पुसला जातो आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनने प्रवाहानंतर टिकणारा परिणाम दबतो, हे २००२ मध्येच दाखवलं गेलं आहे. डेक्स्ट्रोमेथॉर्फन म्हणजे कोरड्या खोकल्याच्या कितीतरी सिरपांतला मुख्य घटक. 'काही औषध चालू आहे का?' या प्रश्नाला लोक खोकल्याचं सिरप सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. पावसाळ्यात दर आठवड्याला नाव घेऊन विचारा: 'खोकल्याचं काही घेतलंत का? बाटली आणता का उद्या?' तसंच झोपेच्या गोळीचं. क्लोनाझेपाम वर्षानुवर्षं चालू असलेले रुग्ण ओपीडीत रोज दिसतात. ही औषधं प्रवाहाचा परिणाम कमी करतात अशी शंका आहे, म्हणून वरची मर्यादा प्रोटोकॉलमध्येच लिहा. डायझेपाम या त्याच जातीच्या गोळीच्या हिशेबात दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर नको.

'शॉक तर नाही ना?'

संमतीच्या वेळी हा प्रश्न येतोच. रुग्ण विचारत नाही, सोबत आलेली आई किंवा नवरा विचारतो. उत्तर तयार ठेवा, आणि 'करंट' हा शब्द टाळून ते देऊ नका. लपवलेला शब्द घरी गेल्यावर मोठा होतो.

'काकू, शॉकमध्ये भूल देऊन मेंदूत मुद्दाम फिट आणतात. तिथे प्रवाह साधारण आठशे मिलिअँपिअरचा असतो. इथे तो दोनचा आहे. फिट येत नाही, शुद्ध जात नाही, बोलता येतं. स्पंजाखाली मुंग्या आल्यासारखं होईल, खाज येईल, क्वचित डोकं दुखेल. नको वाटलं तर हात वर करायचा, आम्ही लगेच थांबवू.'

माहितीपत्रकात 'यादृच्छिक वाटप' लिहिलंत तर कोणालाही काही कळणार नाही. 'कोणाला खरा प्रवाह आणि कोणाला नावापुरता, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. निवड डॉक्टरांच्या हातात नाही, आणि चाचणी संपेपर्यंत डॉक्टरांनाही ते माहीत नसेल' असं लिहा. मराठी मसुदा दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून घ्या आणि मूळ कागदाशी ताडून बघा. शेवटी रुग्णालाच विचारा: 'आत्ता मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगता का?' खोट्या गटाची गोष्ट सांगता आली नाही तर संमती झालेली नाही. पुन्हा बसा.

यंत्राची सकाळची तपासणी

एक टक्का अचूकतेचा ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि एक बरा मल्टीमीटर लागतो. दोन्ही तपकीर गल्लीत मिळतात. रोज पहिल्या रुग्णाआधी यंत्राच्या दोन वायरी रेझिस्टरला जोडा, २ मिलिअँपिअर चालू करा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा. ९.४ व्होल्ट यायला हवेत. ९.२ ते ९.६ चालेल; त्याबाहेर गेलं तर यंत्र बाजूला ठेवा. मीटरची लाल पिन धन वायरीला लावा. आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं तर वायरी उलट आहेत. ही चूक वाटते त्यापेक्षा सहज होते, कारण पिना दोन्ही खाचांत बसतात. उलटा जोडलेला रुग्ण तुमच्या खऱ्या गटात उलटा उपचार घेत बसतो आणि पडद्यावर त्याचा मागमूस नसतो.

खोट्या प्रवाहाचे कोडसुद्धा (यंत्रावर दाबायचे आकडे, त्यांबद्दल पुढे येईल) याच रेझिस्टरवर महिन्यातून एकदा तपासा, पण ते तिसऱ्या माणसाने, बंद खोलीत. यंत्र चार्जिंगला लावलेलं असताना डोक्याला कधीच जोडायचं नाही. बॅटरी कमी असेल तर सत्र अठराव्या मिनिटाला तुटतं, आणि अर्धवट सत्राचं काय करायचं हा वाद उरतो. महावितरणची दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात, तेव्हा बुधवारी रात्री चार्ज करून ठेवायची सवय लावून घ्या.

जागा मोजणं

धन स्पंज डावीकडच्या एफ-३ वर, ऋण स्पंज उजवीकडच्या एफ-४ वर (ही डोक्यावरच्या ठरलेल्या जागांची नावं आहेत). जर्मनीतल्या आणि घरगुती वापराच्या अशा दोन्ही चाचण्यांत हीच मांडणी होती. अंदाजाने 'साधारण इथे' असं बांधू नका. शिंप्याचा टेप आणि त्वचेवर चालणारी पेन्सिल घ्या. नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांमधला खळगा ते मागे कवटीच्या तळाचा उंचवटा, हे अंतर डोक्याच्या मधोमध मोजा. समजा ३६ सेंटिमीटर आलं. खळग्यापासून १० टक्के, म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर कपाळावर एक खूण. ३० टक्के, म्हणजे १०.८ वर दुसरी, ती एफ-झेड. आता कपाळाच्या खुणेवरून, कानांच्या वरून, डोक्याचा घेर मोजा. ५५ आला तर त्याचे १५ टक्के, म्हणजे ८.२५ सेंटिमीटर, कपाळाच्या खुणेपासून घेराच्या रेषेवर डावीकडे जा. ही एफ-७. एफ-झेड आणि एफ-७ यांच्या बरोबर मध्ये, डोक्याच्या गोलाईवरून मोजलं की एफ-३ सापडते. उजवीकडे तसंच. पहिल्या दिवशी सगळं मोजा, आकडे फाईलमध्ये लिहा, आणि रोज ते आकडे वापरून खूण करा. कालची पुसट खूण बघून बांधलं की तीन आठवड्यांत स्पंज दोन सेंटिमीटर सरकलेला असतो.

तेल, टिकली आणि स्पंज

चाचणी बिघडते ती बहुतेक इथे. तेल वीज वाहून नेत नाही, आणि आपल्याकडे डोकं दुखतं म्हणून, झोप येत नाही म्हणून, म्हणजे नेमकी नैराश्याची लक्षणं आहेत म्हणून, लोक रात्री टाळूला तेल चोळतात. सकाळी यंत्रावर रोध १८ किलोओहम दिसतो. टेक्निशियन स्पंजावर अजून सलाईन सोडते, १४. अजून सोडते, पाणी कानामागून मानेवर ओघळतं, आणि आकडा ६ वर येतो. सगळ्यांना हायसं वाटतं. पण एफ-३ आणि एफ-४ मधले केस आता भिजलेले आहेत, आणि बराचसा प्रवाह कवटीत न शिरता ओल्या केसांतून एका स्पंजाकडून दुसऱ्याकडे चालला आहे. आकडा कमी झाला म्हणजे संपर्क सुधारला असं धरू नका. तो कशामुळे कमी झाला ते बोट लावून बघा: दोन स्पंजांच्या कडांमध्ये निदान चार-पाच सेंटिमीटर कोरडे केस राहिले पाहिजेत.

म्हणून आदल्या दिवशी आठवण करा, आणि आल्यावर पहिला प्रश्न हाच: 'ताई, काल रात्री तेल लावलंत का?' लावलं असेल तर रागवू नका, परतही पाठवू नका. खोलीत बेसिन, साधा शाम्पू आणि टॉवेल ठेवा. केस धुऊन, टॉवेलने पुरते कोरडे करून मग बांधा. वीस मिनिटं जातात, पण सत्र वाचतं. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर आणि डोक्याला मेंदी लावल्यावर हे दोनदा करावं लागतं. वेणी किंवा अंबाडा सोडायचा, शेपटीच्या कंगव्याने खुणेवर भांग पाडून केस दोन्ही बाजूंना सारायचे, म्हणजे स्पंज टाळूला लागतो. केसांवर बसवलेला स्पंज नुसता ओला असतो.

स्पंजाची पुढची कड कपाळावर येते. टिकली काढल्यावर तिचा डिंक राहतो, आणि रोज एकाच जागी टिकली लावणाऱ्यांची त्वचा तिथे आधीच लालसर, नाजूक असते. कुंकू, सनस्क्रीन, हेल्मेटखालचा घाम हे सगळं साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. स्पिरिटने खसाखसा घासू नका. ओरखड्यात प्रवाह गोळा होतो आणि तिथेच भाजतं. पुटकुळी, खरचटलेलं, नखाची जखम दिसली तर त्या दिवशी सत्र नाही.

स्पंज ५ गुणिले ७ सेंटिमीटरचा. ३५ चौरस सेंटिमीटरवर २ मिलिअँपिअर म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.०५७. स्पंज लहान घेतला की ही घनता वाढते, म्हणून सगळ्या केंद्रांवर एकच माप. भिजवायला ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाईन, वॉर्डात ज्याला एनएस म्हणतात तेच. सिरिंजने मोजून एका स्पंजाला सुमारे १२ मिलिलिटर, दोन्ही बाजूंना सहा-सहा. दाबल्यावर ओल जाणवली पाहिजे, थेंब पडता कामा नये. नळाचं पाणी वापरू नका. ते वापरून त्वचेला जखमा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि आपल्याकडे तर खडकवासल्याचं पाणी वेगळं, बोअरचं वेगळं, टँकरचं त्याहून वेगळं. बाटली रोज नवी फोडा.

रबराचा इलेक्ट्रोड स्पंजाच्या खिशात पूर्ण गेला पाहिजे. रबराचा कोपरा किंवा वायरीची पिन त्वचेला टेकली की तिथे चटका बसलाच. पट्टा बोट जेमतेम सरकेल इतका घट्ट. सत्र झाल्यावर स्पंज वाहत्या पाण्यात धुवा, पिळा, वाळत घाला. एप्रिलमध्ये तासाभरात वाळतो आणि नीट धुतला नसेल तर त्यावर मिठाचे कण राहतात, जे दुसऱ्या दिवशी टोचतात. जुलैत दोन दिवस वाळत नाही, वास मारतो, बुरशी धरतो. प्रत्येक रुग्णाला स्वतःच्या दोन जोड्या, नाव न लिहिता क्रमांक लिहिलेल्या पिशवीत, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला नव्या.

अर्धा तास

रोध ५ किलोओहमच्या आत आणा. १० च्या वर सुरू करू नका. प्रवाह तीस सेकंदांत हळूहळू शून्यावरून २ वर चढवा. या चढत्या अर्ध्या मिनिटात सगळ्यांत जास्त टोचतं, तेव्हा बाजूला उभे राहा. ३० मिनिटांत एकूण ३.६ कूलोम्ब विद्युतभार जातो. ४ मिलिअँपिअर, ४० मिनिटं आणि ७.२ कूलोम्बच्या आत दिलेल्या ३३,००० हून अधिक सत्रांचा २०१६ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की गंभीर अपाय नोंदला गेला नव्हता. याचा अर्थ लक्ष काढून घ्यायचं असा नाही. पहिली पाच मिनिटं खोलीतच बसा आणि मग दर दहा मिनिटांनी डोकावा. स्पंज वाळला की रोध चढतो. मे महिन्यात पंखा थेट डोक्यावर असेल तर विसाव्या मिनिटाला हमखास. पंख्याची दिशा बदला. मध्ये पाणी घालायचंच असेल तर एक-दोन मिलिलिटर, कडेवरून.

या वेळात रुग्णाने काय करायचं ते एकच ठरवा. झोपायचं नाही, मोबाईल नाही, शांत बसायचं. कोणी रील बघतंय आणि कोणी जप करतंय, तर मेंदू वेगवेगळ्या कामात गुंतलेला असतो आणि तुलना फसते.

खोटा प्रवाह

खोट्या सत्रात स्पंज तेच, पाणी तेच, पट्टा तोच. प्रवाह तीस सेकंदांत २ वर जातो, सुमारे अर्धं मिनिट राहतो आणि उतरतो. टोचणं दोघांनाही जाणवतं. पूर्ण वेळ अगदी बारीक प्रवाह चालू ठेवणारी खोटी पद्धत टाळा: एका आंतरराष्ट्रीय चाचणीत खोट्या गटाला ०.०३४ मिलिअँपिअर सतत दिला गेला, आणि नंतर तोही काही परिणाम करत होता की काय, हा प्रश्न उभा राहिला. कोडवर चालणारं यंत्र घ्या, म्हणजे टेक्निशियन पाच आकडे दाबते आणि आत काय चाललंय ते तिलाही कळत नाही. कोडांची यादी संख्याशास्त्रज्ञाकडे, चार-चार आणि सहा-सहा रुग्णांच्या मिसळलेल्या तुकड्यांत (प्रत्येक तुकडीत निम्मे खरे, निम्मे खोटे), गोळ्या चालू आणि गोळ्या नसलेले असे दोन वेगळे भाग करून.

गुपित यंत्रापेक्षा बाकावर जास्त फुटतं. दोन रुग्ण बाहेर शेजारी बसले की 'तुम्हाला शेवटपर्यंत टोचतं? मला तर लगेच थांबतं' एवढं पुरे. दोन वेळांमध्ये पाऊण तास ठेवा, आणि कितीही सोयीचा वाटला तरी रुग्णांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. कपाळावरचा लालसरपणा खऱ्या प्रवाहाने जास्त येतो, त्यामुळे गुण मोजणाऱ्याने सत्रानंतर रुग्णाला बघू नये. मोजमाप सत्राच्या आधी करा, किंवा कपाळ स्कार्फने झाकलेलं असू द्या. पुण्यात स्कार्फ कोणाकडे नसतो असं नाही. कोणता गट वाटतो हे पहिल्या आठवड्याअखेर विचारून ठेवा. शेवटी विचारलं तर ज्याला बरं वाटतंय तो 'खराच असणार' म्हणतो आणि उत्तराला काही किंमत राहत नाही.

गुण मोजणं

मोजणारी व्यक्ती स्पंज बांधणारी नसावी, आणि एका रुग्णाला शेवटपर्यंत एकच मोजणारी असावी. सुरू करण्याआधी सगळ्यांनी त्याच दहा-बारा ध्वनिमुद्रित मुलाखतींना गुण द्या. आपसांतला मेळ (१ म्हणजे पूर्ण एकमत) ०.८ च्या खाली असेल तर अजून सराव करा.

मापनं छापील भाषेत आहेत, रुग्ण तसं बोलत नाही. 'उदास वाटतं का?' ला 'नाही हो' म्हणणारा माणूस दोन मिनिटांनी 'कशातच राम वाटत नाही' म्हणतो. 'जीवावर येतं', 'मन लागत नाही', 'आतून भरून येतं' यांतलं काय कोणत्या कलमात जाईल हे आधी बसून ठरवा आणि लिहा. 'टेन्शन आहे' यावर कधीच गुण देऊ नका. 'टेन्शन म्हणजे नेमकं काय होतं?' हा पुढचा प्रश्न विचारा. आणि 'डोकं जड होतं' याची खास काळजी घ्या. आपल्याकडे नैराश्याचं हे नेहमीचं गाऱ्हाणं आहे. पहिल्या सत्राआधी ते नोंदलं नाही, तर तिसऱ्या दिवशी तेच 'डोकं जड' उपचाराचा दुष्परिणाम म्हणून तक्त्यात चढतं. दुष्परिणामांची पूर्ण यादी सत्र सुरू होण्याआधीही विचारायची ती याचसाठी. जुन्या चाचण्यांच्या एका मोठ्या आढाव्यात डोकेदुखी खऱ्या गटात १४.८ टक्के आणि खोट्या गटात १६.२ टक्के होती; खाज ३९.३ आणि ३२.९.

'बरं वाटतंय ना आता?' असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: 'हो डॉक्टर, बरंच बरं आहे.' तुम्ही रोज इतकं करताय, तुम्हाला नाही कसं म्हणायचं, ही भिडस्त माया त्यात असते. 'गेल्या सात दिवसांत झोप किती वाजता लागली?' असं विचारा.

वेळापत्रक आणि धोक्याच्या खुणा

ब्राझीलच्या चाचणीत सोमवार ते शुक्रवार अशी १५ सत्रं आणि मग आठवड्याला एक अशी ७ होती. घरगुती चाचणीत तीन आठवडे पाच-पाच आणि सात आठवडे तीन-तीन, मिळून ३६. ओपीडीत पहिला क्रम जमतो. पहिल्या तीन आठवड्यांत गणपतीचे दहा दिवस, पालख्यांचा पुण्यातला मुक्काम किंवा दिवाळी येत असेल तर त्या रुग्णाची सुरुवात पुढे ढकला. रस्ते बंद असतात, घरी पाहुणे असतात, आणि सत्रं बुडतात. दोन सत्रं बुडाली तर शेवटी भरून काढा. सलग तीन बुडाली तर काय करायचं ते प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं असू द्या. हडपसर किंवा निगडीहून येणाऱ्याला प्रवासखर्च द्या, नीतिसमितीला सांगून. सकाळी आठ ते दहाच्या वेळा नोकरदारांसाठी राखा.

ब्राझीलच्या चाचणीत टीडीसीएसच्या गटात दोघांना नव्याने उन्माद झाला होता. म्हणून दर आठवड्याला यंगचं उन्मादमापन करा. घरच्यांना एकच खूण सांगून ठेवा: झोप तीन-चार तासांवर आली आणि तरीही माणूस ताजातवाना, बडबडा, खर्चिक झाला, तर त्याच दिवशी फोन. आत्महत्येच्या विचारांबद्दल दर भेटीत सरळ विचारा. विचारल्याने विचार येत नाहीत. उत्तर 'हो' असेल तर रुग्ण त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना भेटल्याशिवाय बाहेर पडणार नाही, हा नियम भिंतीवर लावा. रात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या कार्डावर छापा. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवतात. त्यांना मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सोप्या शब्दांत सांगा, की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं कायदाच धरून चालतो. गंभीर घटना २४ तासांत नीतिसमितीकडे. फोड आली तर उपचार थांबवा, फोटो काढा, त्वचारोग विभागाला दाखवा.

हिशेब

ज्याला ज्या गटात टाकलं त्याच गटात मोजा, चार सत्रांनंतर सोडून गेला असला तरी. सोडून गेलेल्यांना शेवटच्या आठवड्याला फोन करून तरी गुण घ्या. निम्म्याने गुण उतरले तर प्रतिसाद, माँटगोमेरी-आसबर्गवर १० किंवा कमी तर आजार ओसरला. पण मुख्य निष्कर्ष गुणांच्या फरकावरच ठेवा.

कोड फुटल्यावर प्रत्येक रुग्णाला समोर बसवून सांगा. खोट्या गटाला खरा उपचार देऊ असं संमतीपत्रात लिहिलं असेल तर त्याची तारीख त्याच भेटीत द्या. आणि खोट्या गटातल्या ज्या व्यक्तीला बरं वाटलंय तिच्याशी बोलताना शब्द जपून वापरा, नाहीतर ती बाहेर पडताना 'म्हणजे माझं सगळं मनाचंच होतं' असं म्हणत जाते. 'तुमच्या यंत्रात प्रवाह पहिल्या मिनिटापुरताच होता. तुमचे गुण एकूण आठने उतरले आहेत, आणि ते खरोखर उतरले आहेत. गोळी आहे तशीच चालू ठेवा. पुढच्या मंगळवारी साडेनऊला या, येताना झोपेची वही आणा.' मंगळवारची वेळ कार्डावर लिहूनच त्यांना उठू द्या.